अल्झायमरची नवी औषधं : झाडीपट्टीतून घेतलेला आढावा

६ जुलै २०२३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं लेकानेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता दिली. त्याला वर्षही पुरं होत नाही तोच, २ जुलै २०२४ रोजी, डोनानेमॅब हे दुसरं औषध मान्य झालं. अल्झायमर बरा करण्याचा दावा यातलं कोणतंच औषध करत नाही. आजार नुकता सुरू झाला असेल, तर त्याची चाल थोडी मंदावते, एवढंच त्यांच्या बाजूनं सांगितलं जातं. पण ज्या आजारापुढे वैद्यकशास्त्रानं शंभर वर्षं हात टेकले होते, त्याच्या बाबतीत 'एवढंच' हीसुद्धा मोठी बातमी होती.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे झाडीपट्टीतले, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे दोन वनजिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत ते एकच होते. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या २२ लाख होती आणि गडचिरोलीची पावणेअकरा लाख. घरातली आजी चुलीवर भांडं ठेवून विसरू लागली, आजोबांना रोजच्या वाटेवर घर सापडेना, की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून इथंही सोडून दिलं जातं. या भागातून पाहिलं तर नव्या औषधांबद्दलचा वाद कुठवर आला आहे, कोणती बाजू काय म्हणते आणि काय अजून सुटलेलं नाही, याचा हा आढावा.

फ्रँकफर्टपासून सुरुवात

१९०१ च्या नोव्हेंबरमध्ये ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. तिला स्वतःचं नाव लिहिता येईना, नवऱ्यावर ती संशय घेई, वेळकाळाचं भान सुटलेलं. तिला तपासणारे डॉक्टर होते आलॉइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर चिकट गोळे आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता, असं दुहेरी दृश्य त्यांना दिसलं. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या एका बैठकीत त्यांनी ते मांडलं, तेव्हा श्रोत्यांपैकी कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

बाहेरचे गोळे अमिलॉइड या प्रथिनाचे असतात, आतला गुंता टाऊ या प्रथिनाचा. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी अमिलॉइडचा तुकडा वेगळा काढला. १९९२ मध्ये हार्डी आणि हिगिन्स यांनी 'सायन्स'मध्ये एक साखळी मांडली : आधी अमिलॉइड साचतं, त्यातून टाऊ बिघडतो, मग पेशी मरतात, मग स्मृती जाते. पुढची तीस वर्षं जगभरच्या औषध कंपन्यांचा पैसा प्रामुख्यानं याच साखळीच्या पहिल्या कडीवर लागला.

दरम्यान रुग्णांच्या हाती जे पडलं ते वेगळं होतं. डोनेपेझिल १९९६ मध्ये आलं, रिव्हास्टिग्माइन आणि गॅलँटामाइन त्यामागून, मेमँटिन २००३ मध्ये. या गोळ्या मेंदूतल्या रासायनिक संदेशांना हातभार लावतात. काही महिने रुग्ण जरा सावध वाटतो, पण आत पेशी मरायच्या त्या मरतच राहतात. भारतात या गोळ्या जेनेरिक स्वरूपात मिळतात आणि आजही बहुतेक रुग्णांना याच दिल्या जातात.

अपयशांची रांग

अमिलॉइड हटवण्याचा पहिला मोठा प्रयत्न लसीचा होता. २००२ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली. मग आली तयार प्रतिपिंडं, म्हणजे शिरेतून देण्याची इंजेक्शनं. बॅपिन्यूझुमॅब २०१२ मध्ये फसलं. सोलानेझुमॅब २०१२ मध्ये फसलं, २०१६ मध्ये फसलं आणि लक्षणं दिसण्याआधीच देऊन पाहिलं तेव्हा २०२३ मध्येही फसलं. गँटेनेरुमॅब २०२२ मध्ये गेलं.

अॅड्युकानुमॅबची गोष्ट तर कादंबरीत शोभावी अशी. एकसारख्या दोन चाचण्या चालू होत्या. मार्च २०१९ मध्ये 'उपयोग नाही' म्हणून त्या बंद केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनी म्हणाली, आकडे पुन्हा तपासले, एका चाचणीत फायदा दिसतो. दुसरीत दिसत नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये सल्लागार तज्ज्ञांनी जवळजवळ एकमुखानं नकार सुचवला, तरीही ७ जून २०२१ रोजी अमेरिकेनं त्वरित मान्यता दिली. तीन सल्लागारांनी राजीनामे दिले. वर्षाला ५६,००० डॉलर ही किंमत पुढे निम्म्यावर आणूनही औषध चाललं नाही. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनं ते गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

या प्रकरणानं अमिलॉइडवाल्यांची पत घसरली. त्यात जून २०२४ मध्ये 'नेचर'मधला २००६ चा एक गाजलेला शोधनिबंध, चित्रांत फेरफार असल्याचं उघड झाल्यानं, मागे घेतला गेला. टीकाकारांनी हा सगळ्या सिद्धांताचाच पाया खचल्याचा पुरावा मानला. सिद्धांताच्या समर्थकांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते पाया त्या एका निबंधावर कधीच नव्हता, तो जनुकांवर आहे. ज्या मोजक्या घराण्यांत अल्झायमर चाळिशीत येतो, तिथं दोष अमिलॉइड घडवणाऱ्या जनुकांतच सापडतो. डाउन सिंड्रोम असलेल्यांत एकविसावं गुणसूत्र जादा असतं, अमिलॉइडचं जनुक त्यावरच आहे, आणि त्यांना हा आजार लवकर गाठतो. उलट आइसलँडमध्ये अमिलॉइड कमी करणारा एक जनुकबदल सापडला, तो असलेल्यांना आजारापासून संरक्षण मिळतं. हा युक्तिवाद बाजूला सारता येण्यासारखा नाही.

नवी औषधं आणि त्यांचे आकडे

लेकानेमॅब दर पंधरा दिवसांनी शिरेतून देतात, डोनानेमॅब महिन्यातून एकदा. पहिलं अमिलॉइडच्या तरंगत्या तंतूंना पकडतं, दुसरं साचून घट्ट झालेल्या थराला. थर साफ झाला की डोनानेमॅब थांबवता येतं, ही त्याची जमेची बाजू.

लेकानेमॅबची निर्णायक चाचणी १,७९५ लोकांवर १८ महिने चालली. रुग्णाची स्मृती, निर्णयशक्ती, घरातली कामं, स्वतःची निगा यांवरून ० ते १८ गुणांची एक मोजपट्टी वापरतात. गुण जितके जास्त तितका आजार पुढे गेलेला. १८ महिन्यांत खोटं औषध घेणाऱ्यांची घसरण १.६६ गुणांची झाली, लेकानेमॅब घेणाऱ्यांची १.२१ गुणांची. फरक ०.४५ गुणाचा. टक्केवारीत मांडला की तोच फरक '२७ टक्के मंद' असा दिसतो. बातम्यांत २७ आला, टीकालेखांत ०.४५ आला. दोन्ही खरे आहेत.

डोनानेमॅबची चाचणी १,७३६ जणांवर ७६ आठवडे झाली. ज्यांच्या मेंदूत टाऊचा गुंता फार पसरलेला नव्हता, त्यांच्यात घसरण सुमारे ३५ टक्क्यांनी मंदावली. ज्यांचा गुंता दाट होता, त्यांना फायदा कमी. औषध जितकं लवकर तितकं बरं, हा धडा दोन्ही चाचण्यांतून निघतो, आणि झाडीपट्टीच्या दृष्टीनं खरी अडचण याच 'लवकर'पाशी आहे.

फायदा जाणवण्याइतका आहे का?

इथं तज्ज्ञ सरळ दोन गटांत विभागले गेले आहेत.

एका गटाचं म्हणणं असं की सौम्य आजारात डॉक्टरला वा कुटुंबाला फरक जाणवायचा तर तो त्या पट्टीवर किमान एक ते दीड गुणाचा तरी हवा. ०.४५ गुण म्हणजे कागदावरचा फायदा. त्यासाठी वर्षाला २६,५०० डॉलरचं औषध, पंधरवड्याला रुग्णालयाची फेरी आणि वारंवार एमआरआय, हा सौदा त्यांना पटत नाही. लेकानेमॅबच्या चाचणीत स्त्रियांना फायदा पुरुषांपेक्षा बराच कमी दिसला, याकडेही ते बोट दाखवतात. या औषधांनी मेंदूचं आकारमान किंचित घटतं, त्याचा अर्थ काय, याचं समाधानकारक उत्तर त्यांना मिळालेलं नाही.

दुसरा गट म्हणतो, दीड वर्षातली घसरण पाच-सहा महिन्यांनी लांबली, तर तेवढे महिने माणूस स्वतःचा स्वतः जेवतो, नातवंडांना ओळखतो. औषध चालू ठेवलं तर अंतर वाढत जाईल, अशी त्यांची अपेक्षा आहे. चाचणी संपल्यावर औषध पुढे घेत राहिलेल्यांचे आकडे ते पुरावा म्हणून देतात. मात्र त्या टप्प्यात तुलनेला खोटं औषध घेणारा गट उरलेला नसतो, त्यामुळे हा पुरावा मूळ चाचणीच्या तोडीचा धरता येत नाही.

नियामकांचीही मतं जुळत नाहीत. युरोपच्या औषध संस्थेनं लेकानेमॅबला जुलै २०२४ मध्ये नाकारलं आणि नोव्हेंबरमध्ये, ठरावीक जनुकगटाच्या रुग्णांपुरतं, स्वीकारलं. डोनानेमॅबचंही २०२५ मध्ये तसंच झालं, आधी नकार आणि मग होकार. इंग्लंडच्या मूल्यमापन संस्थेनं जून २०२५ च्या अंतिम मसुद्यात सरकारी खर्चानं दोन्ही औषधं देण्यास नकार दिला. औषध काम करत नाही असं तिचं म्हणणं नव्हतं, फायद्याच्या मानानं खर्च फार आहे असं होतं.

सूज आणि रक्तस्राव

अमिलॉइड फक्त मेंदूच्या गाभ्यात नसतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतं. ते खरवडून निघतं तेव्हा भिंती कमजोर होतात आणि मेंदूत सूज येते वा बारीक रक्तस्राव होतो. लेकानेमॅब घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांत सूज दिसली, डोनानेमॅब घेणाऱ्यांत सुमारे २४ टक्क्यांत. बहुतेकांना त्याचं काही जाणवलं नाही, एमआरआयमुळेच ते कळलं. पण डोनानेमॅबच्या चाचणीत औषधाशी संबंधित मानले गेलेले तीन मृत्यूही झाले.

एपीओई-४ या जनुकाच्या दोन प्रती ज्यांच्याकडे असतात, त्यांना आजाराचा धोकाही सर्वांत जास्त आणि औषधाचाही. लेकानेमॅबवर अशा रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांशांना सूज आली. म्हणून औषधाआधी जनुकतपासणीचा सल्ला दिला जातो आणि पहिल्या काही महिन्यांत ठरावीक डोसांच्या आधी एमआरआय करावाच लागतो.

भारतात हा आजार किती?

या प्रश्नाचं उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत उलटंपालटं झालं आहे. हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांत भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून अभ्यास केला. तो २००१ मध्ये छापून आला, तेव्हा जगाच्या भुवया उंचावल्या. ६५ वर्षांवरच्या दर हजार माणसांत वर्षाला अल्झायमरचे नवे रुग्ण ४.७, पेनसिल्व्हेनियातल्या तुलनेच्या भागात १७.५. एपीओई-४ जनुक कमी, आहार साधा, आजार झालेली माणसं लवकर दगावतात, घरचे लोक लक्षणं म्हातारपणावर टाकतात, अशी निरनिराळी कारणं पुढे आली. त्याच सुमाराला मुंबईत २४,४८८ लोकांच्या पाहणीत ६५ वर्षांवरच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण २.४४ टक्के निघालं.

मग २०२३ मध्ये 'लासी-डॅड' या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष आले. साठीवरच्या भारतीयांत स्मृतिभ्रंश ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांत ५.८, स्त्रियांत ९. शहरांत ५.३, आणि खेड्यांत ८.४. खेड्यातला माणूस साधं खातो, मोकळ्या हवेत राहतो, त्याला हा शहरी रोग होत नाही, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. बल्लभगडनं नवे रुग्ण आणि तेही फक्त अल्झायमरचे मोजले होते. लासी-डॅडनं सर्व प्रकारचे, आहेत तेवढे रुग्ण मोजले, तेही वेगळ्या पद्धतीनं. तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवताना जपून ठेवावेत. तरीही शिक्षणाचा अभाव आणि स्त्री असणं या दोन गोष्टी धोका वाढवताना पुन्हा पुन्हा दिसतात, आणि झाडीपट्टीतल्या सत्तरीच्या बहुसंख्य बायांना या दोन्ही लागू आहेत. गडचिरोलीतल्या हेमलकशाची आश्रमशाळा १९७६ मध्ये सुरू झाली. तिथं पहिलीत बसलेली मुलं आता कुठे साठीकडे झुकली आहेत.

गडचिरोलीचा लकवा

स्मृतिभ्रंश म्हणजे निव्वळ अल्झायमर नव्हे. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून वा फुटून होणारा स्मृतिभ्रंश हा दुसरा मोठा प्रकार, आणि उतारवयात हे दोन्ही बहुधा एकत्र नांदतात. इथं गडचिरोलीकडे सांगण्यासारखं स्वतःचं काही आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या 'सर्च' संस्थेत डॉ. योगेश्वर कालकोंडे या मेंदूविकारतज्ज्ञानं काम केलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघातानं, इकडच्या भाषेत लकव्यानं, झालेले होते. म्हणजे सातांतला एक. त्यातले ८७ टक्के घरीच गेले. २०१५ मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं, तोवर हिवताप आणि कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात लकवा हा इतका मोठा मारेकरी असेल, असं फारसं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

नव्या औषधांच्या चर्चेत हा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. लकव्यातून वाचलेल्यांपैकी पुष्कळांच्या स्मृतीवर परिणाम राहतो, आणि तो नुसतं अमिलॉइड हटवून सुटणारा नाही. मेंदूत आधीच बारीक रक्तस्रावांचे अनेक ठिपके असतील तर ही औषधं देत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तरी डॉक्टर कचरतात. लेकानेमॅब चालू असलेल्या एका रुग्णाला लकवा झाला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं आणि मेंदूत व्यापक रक्तस्राव होऊन तो दगावला, अशी नोंद २०२३ च्या सुरुवातीलाच वैद्यकीय नियतकालिकात आली. ज्या भागात उच्च रक्तदाबावर उपचार न झालेली माणसं बहुसंख्य, तिथं या औषधांसाठी पात्र ठरणारे रुग्ण चाचणीतल्या निवडक गटापेक्षा पुष्कळच कमी निघतील.

निदानाचा रस्ता

औषध देशात आलं म्हणजे धानोऱ्याला किंवा जिवतीला पोहोचलं, असं होत नाही. आधी मेंदूत अमिलॉइड आहे हे सिद्ध व्हावं लागतं. त्याचे रूढ मार्ग दोन : पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासणं किंवा पेट स्कॅन. पेट स्कॅनसाठी जो किरणोत्सारी पदार्थ टोचतात, त्याचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. तो साठवून ठेवता येत नाही, लांब नेता येत नाही. रुग्णालाच मोठ्या शहरात जावं लागतं. चंद्रपूरहून नागपूर तीन तासांवर, भामरागड आणि सिरोंचाहून सगळा दिवस. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. पंधरवड्याच्या इंजेक्शनाचं वेळापत्रक त्या पुराशी कसं जुळवायचं, याचा विचार कोणत्याही चाचणीत झालेला नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

रक्ततपासणीनं हा रस्ता जवळचा होऊ शकतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेनं टाऊ आणि अमिलॉइडचं प्रमाण रक्तातून मोजणाऱ्या पहिल्या तपासणीला परवानगी दिली. लक्षणं असलेल्या ५५ वर्षांवरच्या लोकांसाठी ती आहे. रक्ताची नळी एसटीनंही नागपूरला जाऊ शकते, म्हणून आशा वाटते. पण मूत्रपिंडाच्या आजारात हे आकडे वर जातात, आणि 'सामान्य' म्हणजे किती, याची रेषा आपल्याकडच्या लोकांत आधी तपासून घ्यावी लागेल.

त्याच्याही आधीची पायरी भाषेची. स्मृतीची रूढ चाचणी तारीख विचारते, वाक्य लिहायला सांगते, उलटी वजाबाकी करायला लावते. कधी शाळेत न गेलेल्या बाईला ती आजारी ठरवते. हे बल्लभगडच्या संशोधकांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं आणि त्यांनी निरक्षरांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बनवली. आयसीएमआरनं नंतर भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच केला. तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये पहिल्यांदा सिद्ध झाला. त्यात मराठी नव्हती, गोंडी-माडियाची तर गोष्टच सोडा.

गंमत अशी की हीच बहुभाषिकता कदाचित इथल्या लोकांच्या पथ्यावर पडत असेल. सिरोंच्याला तेलुगू, कोरचीला छत्तीसगढी, मुलचेऱ्याला बंगाली, जंगलात गोंडी आणि माडिया, बाजारात मराठी. दोन-तीन भाषा तोंडात खेळवणारा म्हातारा इथं नवलाचा नाही. हैदराबादच्या निम्स या वैद्यकीय संस्थेत सुवर्णा अलादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, निरक्षरांतसुद्धा. स्थलांतर आणि शिक्षण यांची सरमिसळ हैदराबादेत कमी असल्यानं या अभ्यासाचं वजन मानलं जातं. तरी निरोगी लोकांना वर्षानुवर्षं पाहत केलेल्या काही अभ्यासांत असा फायदा आढळला नाही. हा प्रश्न खुला आहे, आणि तो सोडवायला गडचिरोलीपेक्षा चांगली जागा सापडणं कठीण.

औषधाखेरीज

'लॅन्सेट'च्या आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली : अपुरं शिक्षण, बहिरेपण, वाढलेलं कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, बैठी राहणी, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अतिमद्यपान, एकटेपणा, प्रदूषित हवा आणि अधू दृष्टी. ती सगळी हटली तर ४५ टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टळेल वा लांबेल, असा त्यांचा हिशेब. यावर आक्षेप असा की ही सगळी कारणंच आहेत, काहींचा नुसता संबंध नाही, हे गृहीत धरलेलं आहे. एकटेपणा किंवा नैराश्य हे आजाराचं पहिलं लक्षणही असू शकतं.

या यादीतल्या अनेक गोष्टींना इथं पत्ता आहे. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राच्या परिसराला केंद्रीय प्रदूषण मंडळानं २००९ मध्ये अतिप्रदूषित भागांत टाकलं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपूरची २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. तंबाखू-सुपारीचा खर्रा यादीत नाही, धूम्रपान आहे. पण तंबाखूनं रक्तवाहिन्यांचं होणारं नुकसान पाहता त्याला मोकळं सोडता येणार नाही.

या सगळ्यांत सर्वांत भक्कम पुरावा रक्तदाबाचा. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट-माइंड' चाचणीत रक्तदाब कडक आवाक्यात ठेवल्यावर सौम्य स्मृतिदोष १९ टक्क्यांनी घटला, पण पूर्ण स्मृतिभ्रंशातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. ती कसर चीननं भरून काढली. तिथल्या ३२६ खेड्यांत सुमारे ३४,००० लोकांवर चार वर्षं प्रयोग झाला. निम्म्या गावांत मोठे डॉक्टर नव्हे तर गावपातळीवरचे वैद्यकीय कार्यकर्ते ठरलेल्या पद्धतीनं गोळ्या देत आणि वाढवत गेले. २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आला : स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी. चाचणी खुली होती, कोणत्या गावात उपचार चालू आहेत हे सर्वांना ठाऊक होतं, आणि गोळ्यांबरोबर राहणीचा सल्लाही होता, तेव्हा श्रेय कशाला किती हे नेमकं सांगता येत नाही. तरी हा पुरावा खेड्यातून आलेला आहे आणि स्वस्त गोळ्यांचा आहे.

गडचिरोलीला ही पद्धत अनोळखी नाही. गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटवल्याचा 'सर्च'चा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि पुढे तीच पद्धत देशभरच्या आशांच्या कामाचा भाग बनली. रक्तदाबाच्या राष्ट्रीय उपक्रमात शेजारचे भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या तुकडीतच होते. तेव्हा जमेल की नाही, हा प्रश्न इथं नव्यानं विचारायची गरज नाही. गोळ्या महिनोन्‌महिने न खंडता पोहोचतील का, हा आहे.

पुढे काय येतंय

औषधांची दुसरी फळी तयार होते आहे. मेंदूत सहज शिरणारं ट्रोन्टिनेमॅब शेवटच्या टप्प्याच्या चाचण्यांत आहे. लेकानेमॅबचं घरी टोचता येणारं रूप, देखभालीच्या डोसासाठी, अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य झालं. लक्षणं नसलेल्या, पण मेंदूत अमिलॉइड साचलेल्या लोकांवर दोन्ही औषधांच्या चाचण्या चालू आहेत. अमिलॉइडच्या सिद्धांताचा खरा निवाडा बहुधा त्यातून होईल. मधुमेह आणि वजनासाठी गाजलेलं सेमाग्लुटाइड मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांच्या दोन चाचण्यांत निष्फळ ठरलं. उलट वेल्समध्ये नागीण प्रतिबंधक लस मिळालेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. तिथं जन्मतारखेवरून लस ठरत होती, त्यामुळे तुलना बरीच निर्दोष होती. त्याचं कारण अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही.

आजच्या पुराव्यावरून या दोन जिल्ह्यांपुरता निर्णय द्यायचा तर तो असा : नव्या औषधांचा परिणाम खरा आहे, पण छोटा, आणि त्यांना लागणारी एमआरआय, जनुकतपासणी, तज्ज्ञ यांची साखळी इथं उभी होईपर्यंत ती मूठभर लोकांपुरतीच राहतील. रक्तदाब, मधुमेह, चष्मा आणि कानाचं यंत्र यांवरचा रुपया इथं अधिक काम करील. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. प्राथमिक केंद्रात स्मृतीची तपासणी सुरू झाली तर उद्या औषध स्वस्त झाल्यावर ते कोणाला द्यायचं, हेही कळेल.

घरातलं कोणी विसरू लागलं असेल तर इंजेक्शनाची चौकशी करण्याआधी काही साध्या तपासण्या जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात करून घ्याव्यात : रक्तदाब, साखर, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, कान आणि डोळे. अलीकडे पडून डोक्याला मार लागला होता का, झोपेच्या किंवा इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत, हेही डॉक्टरांना सांगावं. यातल्या काही कारणांनी आलेला विसर उपचारानं बराच मागे हटतो. सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६, हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.